हरेश्वर तांडेल माफी मागत नाही

माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि त्याला कारण झाला माझा सख्खा मोठा काका. त्याला हे वाक्य आवडणार नाही. त्याच्या मते तो फक्त आपलं काम करत होता. ते काम होतं हे मी आता मान्य करते, पण ज्या दिवशी त्याने ते केलं त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

काकाचं नाव हरेश्वर. वसईच्या खाडीत आमचं बेट आहे. नकाशात त्याला नाव आहे, पण आम्ही नुसतं बेट म्हणतो. भातशेती होती, तिच्यात खारं पाणी शिरलं आणि बरीचशी गेली. मिठागरं बंद पडली. आता प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी नायगाव, वसई, विरारला कामाला जातं. मीही विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. जायचं तर खाडी ओलांडून नायगावच्या जेटीवर, आणि ओलांडायची तर काकाच्या होडीतून. काका होडी हाकतो, माझे बाबा, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ दिनानाथ, इंजिन सांभाळतात.

काका साठी ओलांडलेला, काळाकभिन्न, रुंद माणूस. अर्धी चड्डी आणि कुठल्यातरी क्रिकेट स्पर्धेत फुकट मिळालेला टी-शर्ट, हा त्याचा बारमाही गणवेश. त्याचं सगळ्यांशी भांडण आहे. मोबाइल टॉवरवाल्यांशी आहे, गणपतीच्या मंडळाशी आहे, टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्या बाईशी आहे. भांडण नसेल त्या दिवशी त्याला जेवण जात नाही, असं भागूबाई काकी म्हणते, आणि बेचाळीस वर्षं त्याच्याशी संसार केल्यामुळे तिचं ऐकायला हरकत नाही.

होडीवर चढायला एक फळी असते. आमच्याकडे पूर्वापार चालत आलेला एक रिवाज आहे. तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, ती फळी उचलून जेटीवर पालथी टाकली की त्या दिवशी होडी सुटत नाही. मग सरपंच असो की नवा जावई, कोणी वाद घालायचा नाही. दुसऱ्या कोणीही आपली लहान होडी काढायची नाही. का पालथी टाकली हेही विचारायचं नसतं. काकाच्या वडलांच्या काळात फळी वर्षातून एखाद्या वेळी पालथी पडायची. काकाच्या काळात ती बरीच जास्त वेळा पडली, आणि त्याला कारण ते घड्याळ.

घड्याळ त्याला कामणला मिळालं. तिथल्या गोदामांच्या मागे एक भंगारवाला मोडलेल्या जहाजांचं सामान विकतो. काका गेला होता इंजिनाचा पंप शोधायला आणि आला एक पितळी तबकडी घेऊन. घड्याळासारखीच, पण काटा एक, आकडे हजाराच्या आसपासचे, आणि कडेने इंग्रजीत वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ असं कोरलेलं. माझ्या भावाने, विकीने, शाळेच्या पुस्तकात बघून सांगितलं की हा बॅरोमीटर, हा हवेचा दाब मोजतो, आणि दाब पडला की वादळ येतं. काकाला तेवढं पुरे झालं.

त्याच आठवड्यात बेटावर अंडरआर्म क्रिकेटची फायनल होती. मांडव, लाउडस्पीकर, चषक, भाईंदरकडची पाहुणी टीम, सगळा थाट. दुपारी चारच्या सुमाराला काका धावत मैदानात आला. काटा सकाळी दहापासून खाली खाली सरकतोय म्हणाला आणि स्वतःच्या हाताने मांडवाच्या दोऱ्या सोडायला लागला. पाहुणी टीम होडीत घालून परत धाडली. चषक कोणाचा हे आजही ठरलेलं नाही. संध्याकाळी आकाश इतकं स्वच्छ होतं की वसईच्या किल्ल्याचा तट जेटीवरून स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी चारला काटा पुन्हा उतरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काकाने प्रत्येक वेळी तितक्याच जोरात बोंब ठोकली. पोरांनी त्याचं नाव 'चारचं वादळ' ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

दुसरा कोणी असता तर त्याने ती तबकडी खाडीत भिरकावली असती. काकाने ती ओटीच्या खांबावर ठोकली, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी.

मग वसईजवळच्या पापडी गावच्या लेस्लीशी त्याची गाठ पडली. हा जहाजांवर इंजिनिअर होता, मॉरिशस, सेशेल्स अशी बेटं फिरून आलेला. एका लग्नाला तो आमच्या बेटावर आला, खांबावरची तबकडी बघून हसला आणि काकाला शेजारी बसवून घेतलं. त्याने सांगितलं की हे कोरलेले शब्द थंड मुलखासाठी आहेत, आपल्याकडे धो धो पाऊस पडत असतानासुद्धा काटा 'पावसा'पर्यंत जाणार नाही. उष्ण मुलखात, बेटांवर तर हमखास दिसतं, हवेलाही भरती-ओहोटी असते. उन्हामुळे दिवसातून दोनदा दाब चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला भरती, दुपारी चारला ओहोटी. तेव्हा चारला काटा पडला तर खुशाल चहा प्यायचा. पण सकाळी चढायच्या वेळी तो चढलाच नाही, तर समजायचं की दूर कुठेतरी काहीतरी मोठं हवा ओढून घेतंय.

खाडीवर जन्म काढलेल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. काकाच्या डोक्यात ते एकदम बसलं. त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला तो तबकडीसमोर उभा राहायला लागला, नखाने काचेवर टकटक करायचा आणि हूं म्हणून निघून जायचा.

आता तुम्हाला वाटेल की त्यानंतर काकाचं प्रत्येक भाकीत खरं ठरलं असेल. अजिबात नाही. २०२१च्या मेमधलं मोठं वादळ त्याने ओळखलं, पण ते टीव्हीवर दोन दिवस आधीपासून दाखवत होते, तेव्हा त्यात त्याची हुशारी नव्हती. एरवी दहाचा काटा चढला नाही म्हणून त्याने फळी पालथी टाकली, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा काहीही आलं नाही. कधी जोराचा वारा सुटला, एकदा समोरच्या किनाऱ्यावर पत्रे उडाले, बाकी ठणठणीत ऊन. कोणाची ड्युटी बुडाली, कोणाचा इंटरव्ह्यू. भागूबाई काकीची दाढ काढायची राहिली ती राहिलीच. ती अजून दुखते, आणि दुखली की काकी काकाकडे बघते.

असा हा माणूस, आणि मी लग्न ठरवलं राजोडीच्या उमंगशी.

उमंगचं घर किनाऱ्यावरचं, बागायतदारांचं. त्याचे वडील हरिभाऊ केळी, नारळ आणि सोनचाफ्याचे मालक, आणि स्वतःच्या मतांचे त्याहून मोठे मालक. खाडीवाल्यांची मुलगी घरात आणायला ते वर्षभर तयार नव्हते. उमंगने त्यांना कसं वळवलं ते तोच जाणे. पण एकदा हो म्हटल्यावर माणसाने हात आखडता घेतला नाही. हळदीच्या दिवशी नवऱ्याला लावून उरलेली हळद, उष्टी हळद, नवरीसाठी तिच्या घरी पाठवायची असते. ती ते स्वतः घेऊन येणार होते, घरातल्या बायकांना बरोबर घेऊन, वाजतगाजत. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी तीनदा तोंड धुतलं.

त्या दिवशी सकाळी दहाला काटा चढला नाही. बाराला तो आणखी उतरलेला होता.

अरबी समुद्रात बरंच लांब कमी दाबाचा पट्टा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. खोल समुद्रात मासेमारीला जाऊ नका असं सांगितलेलं होतं. खाडीबद्दल कोणी काही म्हटलेलं नव्हतं. काका जेवला, हात धुतले, जेटीवर गेला आणि फळी पालथी टाकून तिच्यावर बसला.

दुपार कलली. पलीकडे नायगावच्या जेटीवर जरीच्या साड्या चमकताना दिसायला लागल्या. बाबा धावले.

"दादा, पाहुनं उभं हायत. हरिभाऊ सोता आयलेत. उष्टी हलद हाय त्यांच्या हातात."

"उभं हायत ना? जमिनीवर उभं हायत. बरं हाय," काका म्हणाला.

विकीने मोबाइल पुढे केला. "काका, बघ ना, इथे नुसता ढग दाखवतोय. पाऊससुद्धा नाय."

"मंग त्याला बोलव होडी हाकायला."

शेवटी मी गेले. पिवळी साडी, हातात हिरवा चुडा, तशीच जेटीवर उतरले. माझ्या लॅबमधल्या मैत्रिणी पलीकडे होत्या, डीजे पलीकडे होता, आणि ज्यांच्या घरात मला जन्म काढायचा होता ते हळदीची वाटी घेऊन उन्हात उभे होते.

"काका, माझी हळद आहे आज."

"मना ठावं हाय."

"वारा तरी आहे का? पान हलत नाहीये. सगळे हसतील तुला."

"हसू दे," तो म्हणाला. "हसनारी मानसं जिती असतात."

मी परत फिरले. त्याच्याशी आणखी एक शब्द बोलले असते तर त्याला खाडीत ढकललं असतं.

हरिभाऊ ऊन उतरेपर्यंत उभे राहिले आणि हळद घेऊन परत गेले. संध्याकाळ इतकी सुंदर झाली की मला रडू फुटलं. खाडीचं पाणी तुपासारखं शांत. ते वादळ पश्चिमेला वळून दूर समुद्रातच विरलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडे रात्री दोन थेंब पडले, असं काका सांगतो. दुसऱ्या कोणी ते पाहिलेले नाहीत. काकीने घरातलीच हळद कुटली, शेजारणी जमल्या, धवलारीण आजीने लग्नाची जुनी गाणी सुरात म्हटली. ती ऐकून लोकांचे डोळे भरून येतात. माझेही भरले, रागाने. मला डीजे हवा होता. उष्टी हळद परत गेली, हे बरं लक्षण नाही, असं बायका माझ्या देखत कुजबुजत होत्या आणि मला प्रश्न पडला होता की मी ऐकत नाही असं त्यांना खरंच वाटतंय का.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा नेहमीसारखा चढला. काकाने फळी सरळ केली, पांढरा शर्ट घातला आणि आम्हा सगळ्यांना नायगावला नेलं. अख्ख्या होडीत त्याच्याशी कोणी बोललं नाही. त्यालाही बोलायचं नव्हतं.

हॉलमध्ये मुहूर्ताची वेळ जवळ आली. मी मुंडावळ्या बांधून उभी. भटजी अंतरपाट उलगडत होते, तेवढ्यात हरिभाऊ पुढे आले आणि हात वर केला.

"दिनानाथराव," ते म्हणाले, "तुमच्या भावाने काल माझ्या घरची हळद परत पाठवली. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही. काल आकाश कसं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यांनी इथे सगळ्यांसमोर माफी मागावी, मग अंतरपाट धरू. नाहीतर मी मुलाला घेऊन निघतो."

त्यांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. घरातल्या बायकांना घेऊन माणूस भर उन्हात उभा राहिला आणि समोर एक होडी बांधलेली, दिसते आहे आणि सुटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर आदल्या दिवशीच लग्न मोडलं असतं.

मागच्या रांगेतून काका उठला आणि पुढे आला.

"काल मी चुकलो," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "वादल येईल वाटलं, नाय आयलं. झालं?"

"माफी मागा."

"ती नाय."

बाबांनी हात जोडले. माझ्या बाबांना मी आयुष्यात कोणापुढे हात जोडताना पाहिलेलं नव्हतं, देव सोडून. "दादा, दोन शब्द बोल. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

काका त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"मनाली, लगीन तुझं हाय. तू सांग. तू बोललीस तर आता हितं, सगल्यांसमोर माफी मांगतो. पन मंग उद्यापासून होडीला दुसरा तांडेल बघा."

"असं काय रे, काका?"

"आज थांबवल्याची माफी मांगली, तर पुढच्या टायमाला काटा चढला नाय की मना पयला हा हॉल आठवंल. ही सगली तोंडं आठवतील. हात फलीवर जाईल आन मागं येईल. आन वादल त्याच दिवशी येईल. मना चुकायची भीती वाटाय लागली ना, तर तुमी माझ्या होडीत बसू नका."

खरं सांगते, माझा राग गेलेला नव्हता. आजही पूर्ण गेलेला नाही. पण तिथे मुंडावळ्यांच्या आडून त्याच्याकडे बघताना मला आमची लॅब आठवली. रिपोर्टात शंका आली की आम्ही पेशंटला परत बोलावतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. पेशंट भांडतो, रजा गेली, पोटात भीतीने गोळा आला, तुम्ही जबाबदार. आम्ही ऐकून घेतो आणि पुढच्याला तसंच परत बोलावतो. ज्या दिवशी परत बोलवायची लाज वाटेल त्या दिवशी मी ती नोकरी सोडली पाहिजे.

"नको मागू," मी काकाला म्हटलं.

आईने मागून माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि हरिभाऊंकडे वळले. त्यांना काय हाक मारायची ते अजून ठरलेलं नव्हतं, म्हणून उमंग म्हणतो तेच म्हटलं.

"पप्पा, माफी मिळणार नाही. राग धरा, हवा तर जन्मभर धरा, मीही धरणार आहे. पण फळी कधी पालथी टाकायची ते लोक काय म्हणतील यावर ठरणार नाही. ना बेटावरच्या लोकांच्या म्हणण्यावर, ना तुमच्या. मुहूर्त टळत असेल तर टळू दे."

उमंग इतका वेळ खांबासारखा उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो काय करतो ते बघायची मला भीती वाटत होती.

"पप्पा," तो शेवटी म्हणाला, "ज्या वादळात आपली बाग आडवी झाली, त्या वेळी आपण केळींना टेकू का लावले नव्हते?"

मग त्यानेच पुढे सांगितलं.

"आदल्या वर्षी लावले होते. वादळ दुसरीकडे गेलं आणि अख्खं गाव हसलं. म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही म्हणालात, आता पुन्हा हसं नको."

हरिभाऊंनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत खिशात ठेवला. मग पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"धरा अंतरपाट," ते म्हणाले. जेवणाच्या पंगतीपर्यंत त्यांनी काकाकडे मान वळवून पाहिलं नाही, आणि काकानेही त्यांची वाट पाहिली नाही. जेवला मात्र दोघांच्या वाटणीचं.

पाठवणीच्या वेळी गाडी हॉलच्या दारात उभी होती. आई रडली, बाबा रडले, विकी रडू येत नसल्याचं नाटक करत डिकीत बॅगा भरत होता. सगळ्यांच्या शेवटी काका आला. त्याने माझा हात धरून मला गाडीच्या पलीकडच्या बाजूला नेलं, जिथे कोणी नव्हतं. त्याचे डोळे लाल झालेले. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता आणि मला ते बघवत नव्हतं.

"पोरी, तुझ्या हलदीचं मातेरं केलं मी," तो म्हणाला. "तुझ्याकडं मांगतो माफी. तुझ्या एकटीकडं. हितं कोन ऐकत नाय."

माझ्या मनात त्याला ढकलून देण्याइतका रागही होता आणि सोडवत नाही इतकी मायाही, दोन्ही एकाच वेळी.

"नको काका," मी म्हटलं. "मना पन नको. मना माहेराला यायचं तवा तुझ्याच होडीत बसायचं हाय."